रेणापूरच्या वाटेवरचे मुक्काम

लातूरच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, रेणा नदीच्या काठी रेणापूर वसले आहे. मालाने भरलेली बैलगाडी दिवसभरात जेवढी वाट काटते, जवळपास तेवढेच हे अंतर. पहाटे लातूर सोडलेल्या गाडीवानाला दिवस मावळायच्या आत इथे बैल सोडता येत आणि दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईचा किंवा परळीचा रस्ता धरता येई. नैऋत्येला तुळजापूरची भवानी, वायव्येला अंबाजोगाईची योगेश्वरी, उत्तरेला परळीचा वैजनाथ, अशा तीन मोठ्या देवस्थानांच्या मधली ही वाट आहे. रेणापुरातही रेणुकामातेचे जुने देऊळ आहे. मराठवाड्याच्या इतिहासात किल्ले, लढाया, सरदार यांना भरपूर जागा मिळाली. या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या चालत गेलेली साधी माणसे रात्री कुठे पडत, त्यांना काय खर्च येई, कोणाला आत घेतले जाई आणि कोणाला दारातूनच परत पाठवले जाई, ही हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. परक्या गावात कामाच्या ठिकाणाजवळ आणि परवडेल अशा दरात रात्र काढायची सोय हा प्रवासाइतकाच जुना प्रश्न आहे, आणि या भागात त्याची उत्तरे फार वेगवेगळी निघाली.

व्यापारी वाटा इथे दोन हजार वर्षांपासून आहेत. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तिथला माल गाड्यांवरून अवघड वाटांनी भडोच बंदरात उतरे. दहा दिवसांची वाट म्हणजे नऊ मुक्काम आले. ते नेमके कुठे पडत हे त्या ग्रंथात नाही, पण महाराष्ट्रात प्रवाशांसाठी निवारे बांधल्याची जुनी नोंद दगडावर कोरलेली सापडते. नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार गावी चौसोपी निवारे बांधल्याचे, विहिरी-तळी खोदल्याचे आणि नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे लिहिले आहे. हा लेख दुसऱ्या शतकातला. निवारा, पाणी आणि नदी ओलांडायची सोय हे तिन्ही एकाच दानात येते, कारण तेव्हाच्या वाटसरूला या तीन गोष्टी सुट्या सुट्या मिळून काही उपयोग नव्हता. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे गाव आणि शूर्पारक म्हणजे सोपारा बंदर. दोन्ही रहदारीच्या नाक्यावरची ठिकाणे होती, म्हणजे दान देणाऱ्यानेही जागा पारखूनच निवडली होती.

खेड्यातला मुक्काम याहून साधा होता. मारुतीचे देऊळ, त्याच्यापुढचा पार, गावची चावडी आणि वेशीजवळची एखादी पडवी ही वाटसरूची हक्काची ठिकाणे. परका माणूस वेशीतून आत आला की येसकराने त्याची चौकशी करायची, पाटलाला वर्दी द्यायची आणि रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायचे अशी रीत होती. यात आतिथ्य होते तशी राखणही होती. चोरी झाली तर गावावर बोल येई, म्हणून अनोळखी माणूस नजरेसमोर, चावडीत झोपलेला बरा. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. मात्र येसकराच्या या कामाचा मोबदला गावकीतून, बलुत्याच्या रूपाने जात असे, म्हणजे वाटसरूच्या रात्रीचा खर्च गावाच्या खळ्यावर पडे. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांवर लादून निघत. ते गावात शिरत नसत, पाण्याजवळचा उघडा माळ बघून गोण्यांची भिंत रचत आणि तिच्या आत रात्र काढत. माणसांपेक्षा जनावरांचे पाणी त्यांना महत्त्वाचे होते आणि त्यांचा तळ ओढ्या-विहिरींच्या हिशेबानेच पडे.

देवस्थानाच्या गावी मात्र चावडी पुरत नाही. तिथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मराठवाड्यातल्या जुन्या धर्मशाळेचा नमुना ठरलेला होता: मध्ये फरसबंद चौक, तीन बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, भिंतीत सामान ठेवायला आणि पणती लावायला कोनाडे, कोपऱ्यात विहीर किंवा आड आणि बाहेर बैल बांधायची मोकळी जागा. ओवरीला दार नसे. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा, त्यासाठी तीन दगडांच्या चुली मांडलेल्याच असत. आधीच्या मुक्कामातल्या माणसाने चूल सारवून, राख काढून जायचे हा शिष्टाचार. तीन दिवसांहून अधिक राहायचे नाही असा दंडक बहुतेक ठिकाणी होता आणि यात्रेच्या दिवसांत तोही आखडता घेतला जाई. भाडे नव्हते, पण पुढे भांडी, गादी, कंदील यांचे थोडे पैसे घ्यायची पद्धत पडली. ही बांधकामे सरदार, सावकार, जहागीरदार आणि क्वचित एखाद्या निपुत्रिक विधवेने स्त्रीधनातून केलेली असत. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. मराठवाड्यात परळी वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्याच नावावर आहे. पुण्य दात्याला आणि निवारा यात्रेकरूला असा हा व्यवहार होता. त्यात कच्चा दुवा एकच होता. बांधणारा गेला की डागडुजी कोणी करायची याची तरतूद फार थोड्या दानपत्रांत असे. पडक्या ओवऱ्या आणि बुजलेले आड आजही गावोगाव दिसतात ते त्यामुळेच.

तुळजापुरात धर्मशाळेपेक्षा पुजाऱ्याचे घर मोठे. भवानीच्या भक्तांची कुळे पुजाऱ्यांत वाटलेली आहेत. अमक्या गावचे, अमक्या आडनावाचे लोक आले की ते ठरलेल्या पुजाऱ्याकडेच उतरणार. वाड्याच्या माडीवर किंवा सोप्यात सतरंजी अंथरलेली असते, न्हाणीत पाणी तापत असते, नैवेद्याचा स्वयंपाक पुजाऱ्याच्या घरात होतो आणि देऊळ चार पावलांवर. पुजारी वही काढतो. त्यात यजमानाच्या आजोबा-पणजोबांची नावे, ते कोणत्या साली आले, कोणाचा गोंधळ घातला, कोणाचे जावळ काढले याची नोंद असते. नवी नावे तिथेच खाली लिहिली जातात. खोलीचे भाडे कोणी विचारत नाही, सांगतही नाही. दक्षिणा, शिधा, ओटीचे साहित्य, पूजेचा खर्च यातून ते वळते होते. रेणापूर परिसरातल्या कुटुंबांना तुळजापुरात राहायची चिंता कधी वाटली नाही ती या वहीमुळे. देवळाजवळची जागा, ओळखीचे घर आणि ऐपतीप्रमाणे मोबदला हे तिन्ही एकत्र मिळणारी दुसरी सोय या भागात क्वचितच निघाली असेल. पंढरपूरला बडवे-उत्पातांच्या वाड्यांतून आणि वारकरी फडांच्या मठांतून अशीच व्यवस्था वाढली, पण तिथे वारीच्या गर्दीपुढे ती नेहमीच तोकडी पडली.

बादशाही आणि निजामी काळात सराई आल्या. उत्तर हिंदुस्थानातल्या सराईचे वर्णन मनूची या इटालियन प्रवाशाने १७ व्या शतकात केले आहे. सूर्यास्ताला दरवाजा बंद होई, पहाटे पहारेकरी तीनदा ओरडून सर्वांना आपापले सामान तपासायला सांगे, आणि कोणाची वस्तू हरवली असेल तर ती सापडेपर्यंत दार उघडत नसे. दख्खनमधला याच धर्तीचा सर्वांत देखणा नमुना औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर जाते फिरे आणि फकीर, वाटसरू, यात्रेकरू यांच्यासाठी पीठ दळले जाई. इथे निवाऱ्याला अन्नाची जोड मिळाली, आणि तीही यंत्राची. पुढे १९१९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबादला नामपल्ली स्थानकासमोर मोठी सराई बांधली. हैदराबादला दरबारी कामाला किंवा कोर्टात जाणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला गाडीतून उतरल्या उतरल्या रस्ता ओलांडला की छप्पर मिळे.

इंग्रजी अंमलाची छाया निजामी मुलुखावरही होती. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. फौज आणि साहेब यांच्या येण्या-जाण्यामुळे रस्त्यांवर मुसाफरी बंगले आले. उंच जोते, कौलारू छप्पर, भोवती व्हरांडा, दोन खोल्या, मागे खानसाम्याची खोली आणि कोंबड्यांचे खुराडे. हा बंगला गावाबाहेर, झाडीत, चढावर असे. धर्मशाळेची जागा देऊळ आणि विहीर पाहून ठरे, बंगल्याची जागा गावापासूनचे अंतर पाहून ठरे. सामान्य रयतेला तिथे शिरकाव नव्हता. स्वातंत्र्यानंतर हेच बंगले सार्वजनिक बांधकाम खात्याची विश्रामगृहे झाली आणि त्यांचे अग्रक्रमाचे नियमही अधिकाऱ्यांच्या बाजूनेच राहिले. ब्रिटिश मुलुखात १८६७ साली सराईंसाठी कायदा झाला. सराई चालवणाऱ्याने नोंदणी करावी, जागा स्वच्छ ठेवावी, पहारेकरी ठेवावा अशी कलमे त्यात होती. आजच्या लॉजच्या नोंदवहीचे मूळ शोधायचे तर ते या कायद्यापर्यंत जाते.

या साऱ्या सोयी सर्वांसाठी होत्या असे म्हणता येत नाही. गावाची राखण करणारा येसकर अस्पृश्य मानला जाई; तो स्वतः परगावी गेला तर त्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती, धर्मशाळेच्या आडावर पोहरा सोडता येत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहिले आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव लावून, रोज दीड रुपया भाड्याने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह ते निजामाच्या राज्यात दौलताबादचा किल्ला पाहायला गेले असता दारातल्या हौदाचे पाणी हातपाय धुवायला घेतल्यावरून तिथे जमाव चालून आला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या माणसाची ही स्थिती, तर रेणापूरच्या वाटेने जाणाऱ्या मजुराची काय असेल, हे वेगळे सांगायला नको. अशांचा मुक्काम महारवाड्यात, मांगवाड्यात, आपल्या माणसाच्या झोपडीत पडे. स्वस्त आणि जवळचा निवारा दाखवणारी कोणतीही यादी त्यांच्या कामाची नव्हती. म्हणून गाडगे महाराजांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा ही या इतिहासातली मोठी घटना आहे. ज्याच्या नावाची समाधी देवळाच्या पायरीशी आहे त्या संताच्या नावाने, ज्यांना छप्पर नाकारले जाई त्यांच्यासाठी ती उभी राहिली. १९४९ मध्ये महाराजांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी इथेही त्यांच्या धर्मशाळा झाल्या. स्वतः महाराज मात्र त्यांतल्या एकाही खोलीवर हक्क सांगत नसत.

लातूरचे रूप रेल्वेने बदलले. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे कुर्डुवाडी, ते बार्शी धावू लागली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोचली. त्याआधी लातूरला यायचे तर लोहमार्ग सोडून पुढे गाडीवाटेनेच यावे लागे. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या सुमारास भागीदारीत लातूरला सरकी काढायचा कारखाना काढला तेव्हा हीच वाट होती. रेल्वे आल्यावर लातूर हे कापूस, भुईमूग, डाळी यांचे मोठे पेठेचे गाव झाले. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याने गंजगोलाई आकाराला आली. मधोमध जगदंबेचे देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका मालाची दुकाने.

या पेठेत माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचा मुक्काम आडतीवर पडे. रेणापूर, पानगाव, खरोळ्याच्या बाजूने गाड्या रात्री निघत आणि सकाळच्या सौद्याला हजर होत. सौदा लांबला, पट्टी झाली नाही, की रात्र आडत्याच्या ओसरीत जाई. पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून, घोंगडी अंगावर ओढून शेतकरी झोपे. आडत्याचा दिवाणजी चहा पाजी, जवळच्या खानावळीत जेवण सांगे. भाडे एक पैसा नाही. पण पट्टीत आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशी कपात असे, उचल घेतलेली असेल तर व्याजही असे, आणि ओसरीवर झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आडत्याकडे भाव विचारायला सहसा जात नसे. फुकटच्या मुक्कामाने माणूस बांधला जाई. पुढे बाजार समित्या झाल्या, त्यांनी आवारात शेतकरी निवास बांधायला सुरुवात केली, त्यामागे हीच बेडी सोडवायचा विचार होता. सोय करणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा हात वेगळा झाला, हे बाजार नियमनाचे फारसे न बोलले गेलेले यश आहे.

याच काळात मराठी माणूस युरोपच्या शहरांत जाऊ लागला आणि तिथेही त्याला हाच प्रश्न पडला. टॉमस कुक या इंग्रज सहल-व्यावसायिकाने १८६८ मध्ये हॉटेलची कूपने काढली होती. पैसे आधी भरायचे आणि परक्या शहरात कागद दाखवून खोली मिळवायची. ही सोय साहेबी खिशाची होती. शिकायला गेलेल्या मुलाला आठवड्याच्या भाड्याचे बोर्डिंग हाउस पाहावे लागे आणि तिथे रंगावरून दार बंद होण्याचा अनुभव वारंवार येई. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ उघडले ते आधी विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणूनच. तिथे १९०६ पासून वि. दा. सावरकर राहिले. शहराच्या मध्यापासून जागा लांब होती, पण आपले जेवण, आपली भाषा आणि अपमान न होण्याची खात्री यापुढे ते अंतर कोणी मोजले नाही. टिळक १९१८-१९ मध्ये लंडनला होते तेव्हा मेडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस इथे घर घेऊन राहिले. मुंबईत मात्र त्यांचा मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात असे. मराठी माणसाने चालवलेले ते खाणे-राहण्याचे ठिकाण होते आणि १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधनही तिथेच झाले. आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला १०, किंग हेन्रीज रोड इथे राहिले. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. १९२० मध्ये सुरू झालेले भारतीय विद्यार्थ्यांचे वायएमसीए वसतिगृह आता फिट्झरॉय चौकात आहे आणि लंडनच्या मध्यात माफक दरात खोली आणि भारतीय जेवण हवे असणारे मराठी प्रवासी आजही तिथे उतरतात.

निजाम राज्य रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी रस्ता वाहतूक सुरू केली. १९४८ मध्ये मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची एसटी राज्याच्या महामंडळात आली. आता मुक्कामाची जागा स्टँड ठरवू लागले. लातूर, नांदेड, उदगीर, अंबाजोगाई, कुठल्याही गावी स्टँडच्या बाहेर पडले की समोरच लॉजच्या पाट्या. खाली उपाहारगृह किंवा दुकान, अरुंद जिना, वर काउंटर, भिंतीवर देवाचा फोटो आणि कॅलेंडर. जाड रजिस्टरात नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, काम काय हे लिहायचे. किल्लीला हरवू नये म्हणून लाकडी किंवा पितळी बिल्ला. संडास-न्हाणी सामाईक, गरम पाणी सकाळी ठरल्या वेळेत बादलीने. एकट्याला पूर्ण खोली परवडत नसेल तर हॉलमधली नुसती कॉट मिळे. भाडे बहुधा चोवीस तासांचे धरले जाई आणि हे लहान गावच्या माणसाच्या सोयीचे होते. पहाटे पाचच्या गाडीने आलेल्या पक्षकाराला त्यात दिवसभराचे काम उरकून, रात्री झोपून, दुसऱ्या पहाटे परतता येई. बारा वाजता खोली रिकामी करायला लावणाऱ्या मोठ्या हॉटेलांत हे जमत नाही.

तरीही बहुतेकांची पसंती पाहुण्याच्या घरालाच असे. मावशी, चुलता, गावचा नोकरीला लागलेला पोरगा यांच्या दोन खोल्यांत आणखी चौघे सामावत. येताना ज्वारी, डाळ, शेंगा आणल्या जात आणि तेच भाडे. एकट्या बाईने लॉजवर उतरणे ही तर कल्पनाच करवत नसे. तिला पाहुणे किंवा यात्रेतला जत्था हेच दोन मार्ग होते आणि त्यामुळे तिचे शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी सारे नात्यांच्या पत्त्यांवर अवलंबून राहिले.

एसटीने आणखी एक मुक्काम जन्माला घातला. शेवटची फेरी खेड्यात जाऊन तिथेच थांबायची आणि पहाटे पहिली होऊन परत निघायची, ती मुक्कामाची गाडी. तिचे चालक आणि वाहक रात्री ग्रामपंचायतीच्या खोलीत, देवळात किंवा गाडीतच झोपतात. कित्येक गावांनी गाडी टिकावी म्हणून त्यांच्यासाठी खोली, पाणी, कधी भाकरीची सोय केली. गाडी मुक्कामी असली तर बाळंतपणाची बाई आणि कॉलेजची मुले पहाटे बाहेर पडू शकतात, हे गावाला पक्के कळलेले असते.

जिल्ह्याच्या सीमांनी तर मुक्कामांचा हिशेबच पालटला. रेणापूर पूर्वी बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात होते. लातूर हाकेच्या अंतरावर, पण जिल्ह्याचे काम निघाले की दूर बीडला जाऊन एक-दोन रात्री काढाव्या लागत. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, रेणापूरचा भाग त्यात आला आणि बीडची ती वारी थांबली. पुढे १९९९ मध्ये रेणापूर स्वतःच तालुका झाले. सात-बारा, दाखला, तारीख यांसाठी परगावी झोपणे संपले. गरिबाच्या खिशाला याने जेवढा आधार दिला तेवढा कोणत्याही स्वस्त लॉजने दिला नसेल.

यात्रेच्या निवाऱ्यांनीही नवे रूप घेतले. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या भोवती लंगर आणि सराई पूर्वीपासून होत्या. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, ३०० वर्षे साजरी झाली, त्या निमित्ताने शहरातले रस्ते आणि यात्री निवास वाढले. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने येणारा भाविक इथे थोडक्या पैशांत खोली घेतो, जेवण लंगरमध्ये करतो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्त निवासांनी स्वच्छता आणि ठरावीक दर यांचा असा धडा घालून दिला की इतर देवस्थानांना त्याकडे पाहावे लागले. जुन्या धर्मशाळेत देखभालीची जी तरतूद नव्हती, ती इथे संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतली. रुग्णांच्या नातेवाइकांचा मुक्काम हा तर सर्वांत हलाखीचा. कर्करोगाच्या उपचाराला मराठवाड्यातून मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळते का ते आधी पाहतात. ती न मिळाली तर पदपथ उरतो.

लातुरात गेल्या तीन-चार दशकांत मुक्कामाचा सर्वांत मोठा बाजार विद्यार्थ्यांमुळे उभा राहिला. निजामी काळात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेसारख्या मराठी शाळांत दुरून मुले येत, तेव्हा गरीब मुलगा वार लावून जेवे. सात दिवस सात घरे, आणि झोपायला कोणाची तरी ओसरी. लातूर पॅटर्न या इथल्या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीचे नाव झाल्यावर दहावी-बारावीनंतरची मुले जिल्ह्या-जिल्ह्यांतून येऊ लागली. ट्यूशन एरियात घरोघरी मजले चढले, एका खोलीत तिघे-चौघे, कॉटवर भाडे, खाली मेस. वर्गापासून पाच मिनिटांवरची खोली महाग, सायकलीच्या अंतरावरची स्वस्त. पालक दोन्हीचा हिशेब मांडतात आणि वेळ वाचावा म्हणून बहुधा महाग खोली घेतात, कारण त्या दोन वर्षांवर घराने बरेच पणाला लावलेले असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या टंचाईत वसतिगृहे आणि मेस चालवणे कठीण झाले आणि खोली बघताना भाड्याच्या आधी पाण्याचे विचारले जाऊ लागले. लमाणांच्या तळाला लागू होता तोच हिशेब तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीलाही लागू झाला.

ब्रॉडगेज आल्यावर लातूरचे नवे स्थानक शहराच्या कडेला गेले. लॉज मात्र स्टँड आणि गोलाईच्या परिसरातच राहिले, कारण उतारूचे काम तिथे आहे. मुंबईची रेल्वे आणि पुण्याच्या खासगी गाड्या रात्रीच्या झाल्यामुळे पुष्कळांचा मुक्काम गाडीतच होतो. जुलै २०२२ मध्ये दिवसाला १००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर १२ टक्के जीएसटी लागला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. मोबाइलवर खोली पाहून पैसे भरायची सवय लातूर-नांदेडलाही झाली आहे आणि तिथली कुटुंबे आता पॅरिस-रोमलाही जातात. सहल कंपनीबरोबर गेलेल्यांना बहुधा शहराबाहेरचे हॉटेल मिळते, कारण तिथे खोली स्वस्त आणि मोठी बस उभी करायला जागा असते. स्वतःच्या आखणीने जाणारा मेट्रोच्या स्थानकाजवळची लहान खोली शोधतो. लांबच्या खोलीत वाचलेले पैसे रोजच्या तिकिटांत आणि वेळेत जातात, हे त्याने ताडलेले असते.

रेणापूर तालुक्यात आज सर्वाधिक माणसे परगावाहून येऊन राहतात ती ऊसतोडीच्या हंगामात. निवाड्याजवळच्या दिलीपनगरला रेणा सहकारी साखर कारखाना आहे. गाळप सुरू झाले की टोळ्या येतात आणि कारखान्याच्या तळावर किंवा फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. बांबू वाकवून त्यावर चटई, पाचट, प्लास्टिक. उंची इतकी की उभ्याने आत जाता येत नाही. दाराशी चूल, बाजूला बैल, पाणी मिळेल तिथून डोक्यावर आणायचे. पाच-सहा महिने हेच घर. भाडे नाही, कारण कामाचा भाग म्हणून ही जागा धरलेली आहे, आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत ती सोडताही येत नाही. धर्मशाळेच्या ओवरीत निदान विहीर, दगडी छप्पर आणि कोनाडा होता, ते इथे नाही. या कामगारांची मुले आई-बापांबरोबर फडावर येतात आणि त्यांची शाळा सुटते, म्हणून राज्य सरकारने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत मुलांची आणि मुलींची वेगळी वसतिगृहे काढायची असे तिचे स्वरूप आहे.